मत्स्यटाकीतील हिरवा गालिचा : आधी चिखलात रोप, मग पाणी

घरातील काचेच्या टाकीत तळभर पसरलेली बुटकी जलवनस्पती म्हणजे ‘गालिचा’. दुकानातून आणलेली रोपे टाकीत लावली की पंधरा दिवसांत पिवळी पडून विरघळतात, अशी बहुतेकांची तक्रार असते. भात लावणारा शेतकरी रोप आधी राबात तयार करतो आणि नंतरच खाचरात लावणी करतो. गालिच्याचेही तसेच आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातील पाणी, माती आणि हवामान लक्षात घेऊन योग्य पद्धत येथे दिली आहे.

रोप विरघळते का?

बहुतेक रोपवाटिका या वनस्पती पाण्याखाली वाढवत नाहीत. मुळे चिखलात आणि पाने दमट हवेत, अशा पद्धतीने त्या ट्रेमध्ये वाढवल्या जातात. हवेतील पानावर मेणाचा जाड थर असतो आणि पर्णरंध्रे असतात. पाण्याखाली हे पान फारसे उपयोगी पडत नाही. वनस्पती ते सोडून देते आणि पातळ, मऊ असे नवे पान काढते. या बदलात रोपाची साठवलेली ताकद खर्च होते. त्याच वेळी उजेड किंवा कर्बवायू कमी पडला तर रोप उभे राहू शकत नाही.

कर्बवायूची अडचण मूळची आहे. हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. साध्या टाकीत लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपासच कर्बवायू विरघळलेला असतो. दाट गालिच्याला २० ते ३० मि.ग्रॅ. लागतो. म्हणून जातीची निवड आणि लावणीची पद्धत या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. दिवे आणि इतर खरेदी त्यानंतर करावी.

जातीची निवड

• मार्सिलिया : भाताच्या खाचरात, बांधाच्या कडेला चार पानांचा जो बुटका नेचा दिसतो, त्याच कुळातील ही वनस्पती आहे. कमी उजेडात आणि वेगळा कर्बवायू न देता चालते. वाढ सावकाश होते. सुरुवात करणाऱ्यांसाठी योग्य.
• बुटकी सॅजिटेरिया : धावत्या खोडाने पसरते. चिवट आहे, पण उजेड कमी पडला की उंच होते.
• क्रिप्टोकोरीन पार्वा : मूळची श्रीलंकेची. अतिशय सावकाश वाढते, पण एकदा बसली की छाटणी जवळजवळ लागत नाही.
• हेअरग्रास (एलिओकॅरिस) : बारीक गवतासारखी. मध्यम उजेड लागतो. कर्बवायू दिल्यास वाढीचा वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो.
• माँटे कार्लो : गोल, बारीक पानांची. मध्यम ते जास्त उजेड आणि शक्यतो कर्बवायू द्यावा.
• ग्लॉसोस्टिग्मा आणि ‘एचसी क्युबा’ : भरपूर उजेड, कर्बवायू आणि थंड पाणी या तिन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पहिल्याच टाकीसाठी या जाती घेऊ नयेत.

छायाचित्रांत दिसणारे दाट गालिचे जपानचे टाकी-रचनाकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी जगभर लोकप्रिय केले. त्यामागे कर्बवायूचे सिलिंडर, प्रखर दिवे आणि आठवड्याची नेमाने केलेली निगा असते. ती सोय नसेल तर पहिल्या तीन जातींपैकी एक निवडावी.

सह्याद्रीच्या ओढ्यांतही क्रिप्टोकोरीनच्या स्थानिक जाती आहेत. त्या ओढ्यातून उपटून आणू नयेत. त्यांचे अधिवास मर्यादित आहेत, शिवाय त्यांची पाने लांब असल्याने गालिचा होत नाही.

पाणी

खालापूर तालुक्यातील कुंभिवली व आसपासची गावे पाताळगंगेच्या खोऱ्यात येतात. लोणावळ्याच्या माथ्यावर साठवलेले पावसाचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रातून (१९१५) पाताळगंगेत उतरते. कर्जतकडे भिवपुरी केंद्राचे (१९२२) पाणी उल्हास नदीला मिळते आणि राजनाल्यातून उन्हाळी भाताला जाते. मूळ पावसाचे असल्याने हे पाणी मऊ असते. बहुतेक गालिचा वनस्पतींना मऊ पाणी मानवते. मात्र औद्योगिक वसाहतीच्या खालच्या बाजूचे नदीचे पाणी टाकीसाठी घेऊ नये.

बोअरवेलचे पाणी खडकातील क्षारांमुळे जड असू शकते. भांड्यात पाणी उकळल्यावर पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस कमी येत असेल, तर निम्मे पावसाचे साठवलेले पाणी मिसळावे. पहिल्या दोन-तीन पावसांचे छपरावरचे पाणी सोडून द्यावे. नुसते पावसाचे पाणी वापरू नये, कारण क्षार नसल्याने त्याचा सामू अचानक घसरतो. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे.

माती आणि वाळूचा थर

बाजारातील दाणेदार ‘अ‍ॅक्वा सॉइल’ चांगली, पण महाग पडते. तिच्याऐवजी खाचरातील माती पुढीलप्रमाणे वापरता येते.

१. गेल्या हंगामात तणनाशक, कीटकनाशक किंवा ताजे शेणखत पडलेले नाही अशा जागेची माती घ्यावी. कीटकनाशकाचा अंश कोळंबीला सर्वांत आधी मारतो.
२. माती उन्हात वाळवून, फोडून, चाळून काड्या-मुळे काढावीत.
३. टाकीच्या तळाशी २.५ ते ३ सें.मी. मातीचा थर द्यावा. काचेलगत २ सें.मी. पट्टा मोकळा ठेवल्यास पुढून फक्त वाळू दिसते.
४. त्यावर स्वच्छ धुतलेली १ ते ३ मि.मी. जाडीची नदीची वाळू ३ सें.मी. पसरावी. समुद्राच्या वाळूतील शिंपल्यांमुळे पाणी जड होते, त्यामुळे ती टाळावी.

पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसतो. खाचरातल्याप्रमाणे इथेही लोह विरघळून मुळांना मिळते आणि अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. वाळूचा थर हलला की हेच अमोनियम पाण्यात येते. म्हणून लावणीनंतर माती उकरू नये आणि गोल्डफिशसारखे तळ उकरणारे मासे या टाकीत सोडू नयेत.

कोरडी सुरुवात : टाकीतच रोपवाटिका

टाकीत पाणी न भरता रोपे आधी ओल्या मातीत वाढवण्याच्या पद्धतीला ‘कोरडी सुरुवात’ म्हणतात. हवेत कर्बवायू मुबलक मिळतो, शेवाळ कमी येते आणि पाणी भरण्यापूर्वीच मुळे घट्ट बसतात. माँटे कार्लो, हेअरग्रास, ग्लॉसोस्टिग्मा, एचसी क्युबा आणि मार्सिलिया या पद्धतीने चांगल्या येतात.

• ६० × ३० × ३० सें.मी. टाकीच्या पुढच्या निम्म्या भागात (६० × १५ सें.मी.) ३ सें.मी. अंतराने लावल्यास १०० चूड लागतात. एका चांगल्या कुंडीचे साधारण २० चूड होतात, म्हणजे पाच कुंड्या पुरतात.
• कुंडीतील लोकर किंवा कापूस धुऊन काढावा. मुळे २ सें.मी. ठेवून कापावीत.
• चिमट्याने तिरके धरून चूड मुळांसकट वाळूत खोचावा. शेंडा थोडाच बाहेर राहील इतका खोल लावावा. वर वर लावलेला चूड पाणी भरताच तरंगतो.
• माती ओलीचिंब ठेवावी, पण पृष्ठभागावर पाणी साचू देऊ नये.
• टाकीचे तोंड पारदर्शक प्लास्टिकने झाकावे. रोज १० मिनिटे उघडून हवा द्यावी, नाहीतर बुरशी येते. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाकावा आणि फवारा कमी करावा.
• दिवा रोज १० ते १२ तास लावावा. थेट ऊन लागू देऊ नये, झाकलेली टाकी उन्हात तासाभरात तापते.
• चार ते सहा आठवड्यांत चूड एकमेकांना भिडतात.

या भागात जून ते सप्टेंबर हवा दमट असल्याने ही पद्धत पावसाळ्यात सर्वांत सोपी जाते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास गेल्यावर सुरुवात करू नये.

पाणी भरल्यानंतरचे चार आठवडे

तळावर बशी ठेवून तिच्यावर संथ धारेने पाणी सोडावे. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड आणि नंतर आठवड्यातून दोनदा निम्मे पाणी बदलावे. या काळात मातीतून अमोनिया बाहेर येतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत.

उजेड आता ६ ते ८ तासांवर आणावा. चिवट जातींना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन, तर माँटे कार्लो व हेअरग्रासला ३० ते ४० ल्युमेन पुरतात. त्यापेक्षा जास्त उजेड आणि कमी कर्बवायू असे झाले की हिरवे शेवाळ हमखास येते. शेवाळ दिसताच औषध शोधू नये. आधी दिव्याचे दोन तास कमी करावेत आणि पाणी बदलावे.

कर्बवायू सिलिंडरने देत असाल तर ५० लिटरच्या टाकीला सेकंदाला एक बुडबुडा या प्रमाणात सुरुवात करावी. दिवा लागण्याच्या एक-दोन तास आधी सुरू करून दिवा बंद होण्याच्या तासभर आधी थांबवावा. साखर-यीस्टच्या बाटलीतून वायू रात्रीही येत राहतो. सकाळी मासे वर येऊन तोंड मारत असतील तर रात्री नळी काढून ठेवावी आणि पाण्यात हवा सोडावी.

पाण्याचे तापमान २२ ते २६ अंश असावे. उन्हाळ्यात पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास ते २ ते ३ अंशांनी उतरते. कमी झालेले पाणी रोज भरावे.

खते : इथे चूक झाली तर मासे मरतात

शेतकऱ्याच्या घरी विद्राव्य खते असतातच, आणि तीच टाकीत टाकण्याचा मोह होतो. त्यातील काही चालतात, काही जीवघेणी ठरतात. हा फरक नीट लक्षात ठेवावा.

चालतात : १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट). पहिल्यात नत्र नायट्रेट रूपात असते, दुसऱ्यात नत्रच नसते.

चालत नाहीत : युरिया, १९:१९:१९, १२:६१:० आणि डीएपी. या सर्वांत नत्र अमोनियम किंवा युरिया रूपात, पूर्ण किंवा अंशतः असते.

चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. टाकीतही मुळाशी खत द्यायचे म्हणून हीच गोळी वापरावी असे सुचू शकते. हिशेब करून पाहा. २.७ ग्रॅमच्या एका गोळीत सुमारे १ ग्रॅम नत्र असते. ते ५० लिटर पाण्यात उतरले तर लिटरला जवळपास २० मि.ग्रॅ. होते. १ मि.ग्रॅ.च्या आसपासच अमोनियाने मासे तगमगू लागतात. खाचरात गोळीवर खोल चिखल असतो, टाकीत जेमतेम ३ सें.मी. वाळू असते. म्हणून ही गोळी टाकीत कधीही वापरू नये.

द्रावण पुढीलप्रमाणे करावे (५० लिटर पाण्यासाठी) :

• १ लिटर पाण्यात ८० ग्रॅम १३:०:४५ विरघळवावे. यातील १० मि.लि. दिल्यास टाकीत लिटरला सुमारे १० मि.ग्रॅ. नायट्रेट वाढते.
• दुसऱ्या बाटलीत १ लिटर पाण्यात ७ ग्रॅम ०:५२:३४ विरघळवावे. यातील १० मि.लि. दिल्यास लिटरला सुमारे १ मि.ग्रॅ. फॉस्फेट वाढते.

कर्बवायू दिलेल्या दाट टाकीत दोन्ही द्रावणे आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यानंतर द्यावीत. कर्बवायू नसलेल्या टाकीत निम्मी मात्रा पुरते. खाचराची माती वापरली असल्यास पहिले सहा ते आठ आठवडे काहीही देऊ नये. फवारणीची सूक्ष्म अन्नद्रव्ये टाकीत घालू नयेत, त्यातील तांबे कोळंबीला घातक असते. बाटल्यांवर नाव लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

छाटणी आणि विल्हेवाट

गालिचा ३ ते ४ सें.मी. जाड झाला की कात्रीने निम्मा छाटावा. तसे न केल्यास खालच्या खोडाला उजेड मिळत नाही, ते कुजते आणि अख्खा थर सुटून वर येतो. तरंगणारे तुकडे जाळीने लगेच काढावेत.

काढलेले तुकडे आणि टाकीचे पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा खाचरात टाकू नये. जलपर्णी शोभेची म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून आपल्या देशात आली. कर्जतहून वाहत जाणारी उल्हास नदी पुढे कल्याण परिसरात या वनस्पतीने झाकली जाते. तुकडे उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टमध्ये टाकावेत. टाकीचे पाणी नदी-ओढ्याला न मिळणाऱ्या झाडांच्या आळ्यात ओतावे, झाडांना ते मानवते.

विक्रीसाठी ट्रे वाढवायचे असल्यास

कोरड्या सुरुवातीची हीच पद्धत शेडनेटखाली उथळ ट्रेमध्ये वापरता येते. मुंबईतील कुर्ला व क्रॉफर्ड मार्केट परिसर आणि पुणे या दोन्ही बाजारपेठा खालापूरहून जवळ आहेत. मात्र सुरुवात पाच-दहा ट्रेंनी करावी. आधी दोन-तीन दुकानदारांशी बोलून त्यांना कोणती जात लागते ते विचारावे. ट्रेवर कीटकनाशक फवारू नये, कारण ग्राहकाच्या टाकीतील कोळंबी मेली तर तो ग्राहक परत येत नाही.

शोभिवंत माशांची जोड द्यायची असल्यास प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील (२०२०) परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाची सद्यःस्थिती अलिबाग येथील मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी. तांत्रिक मार्गदर्शनासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालय आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पहिल्या टाकीसाठी मार्सिलिया किंवा सॅजिटेरिया निवडा.
• जमेल तर पावसाळ्यात कोरडी सुरुवात करा, चार ते सहा आठवडे थांबा.
• पाणी भरल्यावर चार आठवडे मासे सोडू नका.
• नत्र नायट्रेट रूपातच द्या. युरिया, १९:१९:१९ आणि खताच्या गोळ्या टाकीपासून दूर ठेवा.
• छाटलेला एकही तुकडा ओढ्यात जाऊ देऊ नका.