तिसरा कप्पा

आमच्या घरात लहानमोठी अकरा कुलपे आहेत. त्यांपैकी दहांच्या किल्ल्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला असतात आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे हिला अंधारातही कळते. अकरावे कुलूप डोळ्यांना दिसत नाही. ते आमच्या संगणकाच्या पोटात आहे, आणि २०२४ च्या पितृपंधरवड्यात त्याने मला असे काही पाणी पाजले की, पस्तीस वर्षे भूमिती शिकवून मिळवलेली माझी सारी ऐट उतरली.

संगणकाला कुलूप कशाला, हे आधी सांगितले पाहिजे. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता वाईला लग्नाला गेलो असता इकडे घर फुटले. हिच्या बांगड्या हिच्या हातात होत्या म्हणून वाचल्या. चोरांनी नेला तो संगणक. यंत्र जुने होते, त्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. पण त्यात प्राप्तिकराचे कागद, बँकेची पत्रे, पॅनकार्डांचे फोटो, मुलीच्या पासपोर्टाची नक्कल असे सगळे होते. “पासवर्ड होता की!” असे मी ज्याला त्याला सांगत होतो. तो पासवर्ड म्हणजे नुसता दारावरचा पहारेकरी; आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की त्याला कोणी विचारतही नाही, हे ज्ञान मला चोरीनंतर झाले. पुढचे दोन महिने मी बँकेच्या खिडकीपुढे अर्ज भरण्यात घालवले.

त्या दिवाळीत आक्काचा धाकटा मुलगा शिरीष बंगळूरहून आला. त्याचा धंदाच संगणकाचा. त्याने नवा संगणक घेऊन दिला, त्यात लिनक्स बसवले आणि मला समोर बसवून म्हणाला, “मामा, ही डिस्क म्हणजे आपला वाईचा वाडा समजा. चार भाग केलेत. पहिली देवडी, तिथून यंत्र जागं होतं. दुसरा सोपा, तिथं यंत्राचं स्वतःचं सामान. तिसरी अडगळीची खोली. आणि चौथं माजघर. तुमचं जे काही असेल ते माजघरात.”

माजघराला त्याने कुलूप घातले. हे कुलूप दाराला नसते, सामानालाच असते. आत लिहिले जाणारे प्रत्येक अक्षर सांकेतिक होऊनच डिस्कवर उतरते. त्यासाठी जी रीत वापरतात ती योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन ह्या दोघा बेल्जियन गृहस्थांनी रचली, आणि २००१ साली अमेरिकेच्या सरकारने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. खरी किल्ली संगणक स्वतःच तयार करतो. ती इतकी लांबलचक असते की माणसाच्या लक्षात राहणार नाही. म्हणून ती एका छोट्या पेटीत ठेवतात, आणि त्या पेटीला आपला परवलीचा शब्द लागतो. जुन्या तिजोरीची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात ठेवून त्या खणाची किल्ली आजी कमरेला लावीत असे, तसाच प्रकार. मात्र ही पेटी डिस्कच्या त्याच भागाच्या आरंभी असते. ती बिघडली तर परवलीचा शब्द तोंडपाठ असूनही उपयोग शून्य.

आता अडगळीची खोली. संगणकाची काम करण्याची जागा स्वयंपाकाच्या ओट्याएवढी. दिवाळीत चकल्या, लाडू, चिवडा एकदम निघाले की ओटा पुरत नाही. मग काही डबे उचलून बाहेर ठेवतात आणि लागले की आत आणतात. संगणक तेच करतो. ह्या बाहेरच्या जागेला स्वॅप म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या अ‍ॅटलस नावाच्या यंत्रात ती होती. घोटाळा असा की, माजघराला कितीही भक्कम कुलूप घाला, तिथले कागद वाचताना त्यांची पाने ह्या खोलीत येऊन पडू शकतात, आणि यंत्र बंद झाले तरी तशीच राहतात. म्हणून शिरीषने निघता निघता, रिक्षा खाली उभी असताना, त्या खोलीलाही कुलूप घातले. त्याची तऱ्हा निराळी. यंत्र सुरू होताना रोज नवी किल्ली घडवायची, खोली पुसून नवी मांडायची, आणि रात्री किल्ली विसरून जायची. कालचे सामान आज कोणालाच वाचता येत नाही, खुद्द मालकालाही नाही. ही व्यवस्था त्याने एका फाइलीत एका ओळीने लिहिली. ती ओळ लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ आहे.

त्यानंतर माजघरात आली आक्का.

आक्का माझी थोरली बहीण, १९३८ सालची. २०२१ च्या पावसाळ्यात ती आमच्याकडे राहिली. तिच्या सासूकडून तिला जात्यावरच्या कितीतरी ओव्या आलेल्या, आणि त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. मी मोबाइल पुढे धरून म्हणालो, “म्हण.” तर तिला एकही आठवेना! हात रिकामा असला की ओवी येत नाही, म्हणाली. मग तिने परात पालथी घातली, तिच्यावर एक ताटली ठेवली आणि ती गोल गोल फिरवू लागली. त्या घरघरीबरोबर ओव्या आपसूक यायला लागल्या. रोज दुपारी थोड्या थोड्या करत एकेचाळीस फाइली झाल्या. त्या मी संगणकात टाकल्या आणि मोबाइलमधून जागा करण्यासाठी पुसल्या. २०२३ च्या जानेवारीत आक्का गेली. तिची मुलगी मंगल कोल्हापूरला असते, ती दर फोनला म्हणे, “मामा, आईचा आवाज पाठवा ना.” मी म्हणे, “देतो, देतो.”

सर्वपित्रीला, २ ऑक्टोबरला, मंगल येणार असे कळले तेव्हा मला जाग आली. एवढा ठेवा आणि प्रत एकच! मी संगणक घेऊन दुकानात गेलो आणि जादा डिस्क बसवून मागितली. “काका, पार्ट किती पाडू?” दुकानातल्या मुलाने विचारले. माझ्या मनात तीन होते: पहिल्यात फोटो, दुसऱ्यात हिशेब, तिसऱ्यात आक्का. पण तीन पाडायला वेळ लागेल, संध्याकाळी या, असे तो म्हणाला. आणि आभाळ भरून आले होते. मी म्हटले, “राहू दे, एकच कर.” यंत्राचे घड्याळ मागे पडते म्हणून त्याने बटणाएवढा सेलही बदलून दिला.

घरी येऊन यंत्र लावले. रोज जिथे परवलीचा शब्द विचारला जातो तिथे काहीच विचारले नाही. एका डिस्कची वाट पाहत आहे, असे म्हणून पडद्यावर सेकंद धावू लागले. दीड मिनिट ते धावले आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली: ‘इमर्जन्सी मोड’. १९७७ नंतर आणीबाणी हा शब्द इतक्या जवळून मी पाहिला नव्हता. पुन्हा लावले, पुन्हा आणीबाणी.

तसाच दुकानात गेलो. मुलाने माझी जुनी डिस्क काढून स्वतःच्या यंत्राला जोडली. त्याच्या पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावी लागेल, करू का? कुलूपबंद माजघर त्या यंत्राला नुसता कचरा दिसत होता. मुलगा म्हणाला, “रिकामीच दिसतेय. फॉर्मॅट मारून देतो, पाच मिनिटांत नवी.” त्याचा हात माउसवर होता. मी वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज काढला, “हात काढ!” दुकानातली सगळी गिऱ्हाइके वळून पाहू लागली. मुलगा बिचारा भला होता; त्याने निमूटपणे डिस्क जशीच्या तशी परत बसवून दिली.

रात्री शिरीषला फोन लावला. ही मोबाइल कानाशी धरून उभी, मी कळफलकावर. आणीबाणीच्या पडद्यावर यंत्राच्या मुख्याधिकाऱ्याचा पासवर्ड लागतो; तो हिच्या वाणसामानाच्या वहीत निघाला. डिस्कांची यादी मागवणारा हुकूम त्याने सांगितला, मी तो टाइप केला आणि आलेली यादी मोठ्याने वाचली. एसडीए: एकच भाग. एसडीबी: चार भाग.

“मामा, सापडलं!” शिरीष म्हणाला. “चूक माझी.”

मास्तराच्या भाषेत सांगतो. एसडीए हे डिस्कचे नाव नव्हे, तो पहिला बाक. यंत्र जागे होताना ज्या डिस्का ज्या क्रमाने दिसतील त्या क्रमाने त्यांना बाक मिळतात. दुकानात नवी डिस्क पहिल्या जोडणीवर बसली, म्हणून नवा मुलगा पहिल्या बाकावर आणि आमचा जुना दुसऱ्यावर. शिरीषने मात्र फाइलीत लिहिले होते, ‘पहिल्या बाकावरच्याचा चौथा कप्पा उघड.’ पहिल्या बाकावरच्याला चौथा कप्पाच नाही! यंत्र दीड मिनिट वाट पाहून हताश होई. बाकावरून हाक मारायची नसते. प्रत्येक भागाला बत्तीस आकडे-अक्षरांचा एक कायमचा क्रमांक असतो, जन्मदाखल्यासारखा. यूयूआयडी म्हणतात त्याला. तो लिहायचा.

“पण आधी हातानं उघडून बघू,” तो म्हणाला. दुसऱ्या बाकावरचा चौथा कप्पा. मी परवलीचा शब्द टाइप केला. पडद्यावर अक्षर उमटत नाही, ठिपकाही नाही. दोनेक सेकंद गेले. उत्तर आले की, ह्या शब्दाने लागणारी एकही किल्ली इथे नाही.

पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. पाच वेळा झाले. इथे चुकल्याबद्दल शिक्षा नसते, कितीही वेळा करता येते, असे शिरीष म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. त्या पेटीवर कोणी काही लिहिले असेल तर संपले, हे तो बोलला नाही आणि मी विचारले नाही. फोनवर दोघे गप्प. त्याच्या आईचा आवाज होता तो, आणि कुलूप त्यानेच घातलेले होते.

ही म्हणाली, “अहो, तो दिवा रोज असतो ना?”

कळफलकाच्या उजव्या कोपऱ्यातला हिरवा दिवा विझलेला होता. माझ्या परवलीच्या शब्दात (आता बदलला आहे, म्हणून सांगतो) शेवटी १९३८ होते, आणि आकडे मी नेहमी उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर मारतो. नमलॉकचा दिवा नसला की त्या बटणांतून आकडे येतच नाहीत. दुकानात सेल बदलताना यंत्राच्या जुन्या सवयी पुसल्या गेल्या, त्यातच दिवा आपोआप लागण्याची सवयही गेली. रोज फरशी पुसताना हिने तो दिवा पाहिला होता. मी पाच वर्षे समोर बसून पाहिला नव्हता.

दिवा लावला, शब्द टाइप केला. ह्या वेळी पडद्याने काहीच कुरकुर केली नाही. शिरीषने आतली यादी वाचायला सांगितली. एकेचाळीस फाइली. मी मोजून सांगितल्या. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

मग दुरुस्ती. माजघराच्या ओळीत बाकाऐवजी जन्मदाखल्याचा क्रमांक घातला. मी म्हटले, “झालं. बंद करून लावू का?”

“थांबा!” शिरीष जवळजवळ ओरडला. “अडगळीची ओळ राहिली.”

तीही बाकावरूनच लिहिलेली होती: पहिल्या बाकावरचा तिसरा कप्पा रोज पुसून नवा मांड. त्या फाइलीच्या माहितीपत्रकातला इशारा त्याने मला वाचून दाखवला. ह्या ओळीत जो भाग लिहाल त्यातले सर्व काही यंत्र सुरू होताना दर वेळी नष्ट होईल, तेव्हा नाव बरोबर असल्याची खात्री करा, असा. नव्या डिस्कला तिसरा कप्पा नव्हता, म्हणून ती ओळ नुसती अडखळत होती. तिसरा असता तर? माजघर उघडले असते, सगळे ठीक झाले असे वाटले असते, मी आक्काला तिसऱ्या कप्प्यात नेऊन ठेवले असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने तो कप्पा पुसून स्वच्छ करून ठेवला असता. मी खुर्चीत मागे टेकलो. हिने न विचारता पाणी आणून दिले.

तिथेही यूयूआयडी घालू म्हटले तर यादीत त्या भागापुढची जागा कोरी! रोज पुसल्या जाणाऱ्या खोलीवरची पाटीही रोज पुसली जाणार, हे मला आधीच सुचायला हवे होते. डिस्कच्या आरंभी भागांचा जो नकाशा असतो त्यातला क्रमांक मात्र पुसला जात नाही, तो घातला. यंत्र बंद करून पुन्हा लावले. नेहमीच्या जागी परवलीचा शब्द विचारला गेला. एवढ्या आवडीने मी तो कधीच टाइप केला नव्हता.

दुसऱ्या दिवशीचा सगळा वेळ प्रतींत गेला. एक नव्या डिस्कवर, एक मंगलसाठी. किल्लीच्या पेटीचीही प्रत निघते, जेमतेम सोळा मेगाबाइटची. ती दोन पेनड्राइव्हवर घेतली, एक घरी आणि एक कोल्हापूरला. नवा परवलीचा शब्द कागदावर लिहून, पाकीट चिकटवून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. हिच्या अकरा कुलपांच्या हिशेबात त्यामुळे एका किल्लीची भर पडली.

सर्वपित्रीला मंगल आली. पाने उठल्यावर मी पहिली फाइल लावली. आधी परातीवरची घरघर, मग आक्काचा आवाज. दोन ओव्या झाल्या, तिसरी सुरू झाली आणि मध्येच थांबली. “अगं, दूध बघ गं,” आक्का म्हणाली, “उतू जातंय.”

मंगल पदर तोंडाला लावून बसली होती. ही उठून गॅसपाशी गेली.