गळ्यातला गळ

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा पावसाचा. डोंगर समुद्राला खेटून उभे, त्यामुळे नद्या आखूड आणि पाण्याला जबर ओढ. मोठा पूर ओसरला की आराहुरा नदीच्या पात्रात किंवा होकितिका गावाच्या पुळणीवर करड्या गोट्यांमध्ये एखादा गोटा वेगळा दिसतो. वरून मळकट, तपकिरी साल धरलेला, पण ओला करून उजेडात धरला की पातळ कडेला हिरवी झाक येते. हाच पोउनामू. माओरी लोकांच्या गळ्यातली पदकं, सरदारांच्या हातातली आखूड दगडी शस्त्रं, लाकूड तासायची वाकसं, सगळं याच दगडाचं. माओरी भाषेत अख्खं दक्षिण बेटच या दगडाच्या नावाने ओळखलं जातं: ते वाइपोउनामू.

आज तिथल्या पर्यटनाच्या गावांत या दगडाची पदकं दुकानोदुकानी टांगलेली असतात आणि प्रत्येकासोबत अर्थ सांगणारं छोटं कार्ड असतं. माशाच्या गळाचा आकार म्हणजे भरभराट आणि पाण्यावरचा सुखरूप प्रवास. नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबाचा म्हणजे नवी सुरुवात. पीळ घातलेला म्हणजे अतूट नातं. मुलांकडे न्यूझीलंडला जाऊन आलेले आपल्याकडचे आईवडील सुनेसाठी, नातवासाठी असाच एखादा गळ आणतात. कार्डावरचं सगळंच खोटं नसतं, पण त्यातली मुख्य गोष्ट राहून जाते. माओरींच्या समजुतीप्रमाणे या दागिन्याचं बळ निव्वळ आकारात नसतं. तो कोणत्या नदीतून आला, कोणी घासला, कोणी कोणाला दिला आणि किती जणांच्या अंगावर राहिला, यातून ते साठत जातं. ‘मना’ म्हणतात ते हेच, आणि ते माणसांकडून वस्तूत उतरतं.

गळच का, हे समजायला समुद्राकडे पाहायला हवं. हवाई, रापा नुई म्हणजे ईस्टर बेट आणि न्यूझीलंड हे तीन कोपरे धरले की मधल्या अफाट पाण्यात पॉलिनेशियन माणसं विखुरलेली दिसतात. या सगळ्यांचा एक नायक आहे, माउई. माओरी कथेत तो आजीच्या, मुरिरांगाफेनुआच्या, जबड्याच्या हाडाचा गळ करतो आणि भावांच्या होडीत लपून समुद्रावर जातो. गळाला लागतो तो एक अजस्र मासा. तोच वर येऊन न्यूझीलंडचं उत्तर बेट होतो. त्या बेटाच्या पूर्वेकडच्या हॉक उपसागराचं माओरी नावही माउईच्या गळावरूनच पडलं आहे. हवाईत हा गळ आकाशात आहे. तिथे वृश्चिक राशीच्या वळलेल्या नांगीत माउईचा गळ पाहतात. आपल्याकडे त्याच नांगीत मूळ नक्षत्र आहे. वैशाखात मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गच्चीवरून ते वळण स्पष्ट दिसतं.

कथेइतकाच खरा गळही पाहण्यासारखा आहे. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पोलादी गळ: लांब दांडा, खालचं वळण, वर उघडं असलेलं तीक्ष्ण टोक. जुन्या पॉलिनेशियन गळांपैकी बरेच गोलाकार असतात आणि त्यांचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. फट इतकी अरुंद की यात मासा अडकणार कसा, असा प्रश्न पडावा. हे गळ हाडाचे, शिंपल्याचे, लाकडाचे असत. हाड झटक्याने मोडतं, त्यामुळे हिसका देऊन टोचण्याची पद्धत तिथे चालत नाही. मासा आमिष घेऊन वळला की दोरीच्या ताणाने गळ स्वतःभोवती फिरतो, जबड्याची कड त्या फटीतून आत सरकते आणि मग तिला परत वाट मिळत नाही. व्यापारी मासेमारीत आज गोल गळ वापरतात, तेही याच तत्त्वावर चालतात. दांड्याच्या वरच्या टोकाला दोरी घट्ट बसावी म्हणून एक छोटी गाठ कोरलेली असते. दागिन्याच्या गळात तिचं काही काम नसतं, तरी अनेक कारागीर आजही ती कोरतात.

अंगावर समुद्र बाळगण्याची ही सवय हिरव्या दगडाहून जुनी आहे. न्यूझीलंडच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक वाइराऊ नदीच्या मुखाशी होती. तिथे १९३९ सालापासून सापडत गेलेल्या दफनांत देवमाशाच्या दातांचे आणि मोआ या नामशेष झालेल्या महाकाय पक्ष्याच्या हाडांचे हार होते. हवाईत सरदार घराण्यातली माणसं माणसाच्या केसांच्या शेकडो बारीक वेण्यांचा जुडगा गळ्यात घालत आणि त्यात देवमाशाच्या दाताचं, खाली गळासारखं वळलेलं पदक ओवत. ते सामान्य माणसाला वर्ज्य होतं. पूर्वजांचे केस आणि सागरातल्या एका महाकाय प्राण्याचा दात एकाच माळेत गुंफण्याची ही कल्पना मला थक्क करते.

न्यूझीलंडच्या वाट्याला दगड आला. पोउनामू बहुतांशी नेफ्राइट असतो, म्हणजे जेडच्या दोन प्रकारांपैकी एक. त्याचा कठीणपणा मोजपट्टीवर ६ ते ६.५ भरतो. तो फार नाही, गारगोटीचा ७ असतो. पण याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की हातोडीने सरळ छिलका निघत नाही. त्यामुळे बाकीचे दगड जसे ठोकून घडवतात तसा हा घडवता येत नाही, घासावाच लागतो. माओरी कारागीर वालुकाश्माच्या पात्यांनी आणि पाण्याने घासत. सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती चाल, फक्त इथे झिजायला महिने लागत. वालुकाश्मातले गारेचे कण नेफ्राइटहून कठीण, म्हणून हे जमे. दोन्ही बाजूंनी खोल चर पाडायचे आणि मधला पातळ पडदा उरला की तो तोडायचा. भोक पाडायला दोरीने फिरणारा सामता होता, त्याच्या टोकाला दगडाचा अणकुचीदार तुकडा बांधलेला.

दगडाच्या जातींची नावं आसपासच्या निसर्गातून आली आहेत. मोतिया रंगाचा इनांगा एका लहान माशाच्या नावाचा, गर्द हिरवा कावाकावा एका झुडपाच्या नावाचा. आराहुराच्या कथेत पोउतिनी हा जलदैत्य वाइताइकी नावाच्या सुंदर स्त्रीला पळवतो. तिचा नवरा तामाआहुआ माग काढत येतो, तेव्हा पोउतिनी तिला दगड करून नदीच्या तळाशी ठेवतो. नदीतला सगळा पोउनामू तिच्याच अंगाचा. म्हणून तो उचलताना तिथले लोक आजही प्रार्थना म्हणतात.

हेई तिकी हा या कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना: मान कलती, डोळे मोठे, हात मांड्यांवर टेकलेले अशी छोटी मानवाकृती. डोळ्यांत पाउआ शिंपल्याच्या चकत्या, आणि गोरे आल्यानंतर कधीकधी लाखेचं लाल मेण. जुना तिकी हातात मिळाला किंवा काचेआड दिसला तर आधी त्याचं भोक पाहावं. काहींत दोरीच्या घर्षणाने दगडाची वरची कड पार झिजून तुटलेली असते आणि शेजारी दुसरं भोक पाडलेलं असतं. इतक्या चिवट दगडाला दोरीने फोडायचं तर किती पिढ्यांच्या छातीवर तो हलत राहिला असेल! घरातलं माणूस गेलं की असा दागिना पार्थिवावर ठेवत आणि अंत्यविधीनंतर पुढच्या वारसाकडे देत.

लोखंड आलं आणि चित्र बदललं. दगडी वाकसांची गरज संपली, तेव्हा पुष्कळ वाकसं घासून तिकी करण्यात आले. काहींच्या पायथ्याशी जुनी धार अजून ओळखू येते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगड जहाजाने जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनला, अकीक कापणाऱ्यांच्या गावी जाऊ लागला आणि तिथे बनलेले तिकी विक्रीला न्यूझीलंडमध्ये येऊ लागले. विसाव्या शतकात तर एअर न्यूझीलंडने प्रवाशांना प्लास्टिकचे तिकी वाटले. दुकानांतला लोकप्रिय पीळही अलीकडचा. त्याची आतली वळणं पोखरायला यंत्रावर फिरणारी हत्यारं लागतात, त्यामुळे तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. नवा आकार काढण्यात काही गैर नाही, जिवंत कलेने तेच करावं. त्याला हजार वर्षांचा अर्थ चिकटवणं मात्र मला पटत नाही.

दगडाची मालकी ही याहून दुखरी बाजू. १८६० साली ब्रिटिश सरकारने दक्षिण बेटाचा जवळजवळ सगळा पश्चिम किनारा ङाई ताहू जमातीकडून ३०० पौंडांना घेतला. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं जमातीने दाद मागितली. १९८४ साली ‘ते माओरी’ हे माओरी कलावस्तूंचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये उघडलं. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांनी पहाटे विधी केले, आणि या वस्तूंना वारस आहेत, त्या कोणाच्या तरी आहेत, हे जगाला उमगलं. १९९७ साली कायदा होऊन जमातीच्या प्रदेशातल्या नैसर्गिक पोउनामूची मालकी तिला परत मिळाली. आता पश्चिम किनाऱ्याच्या पुळणींवर कोणीही दगड वेचू शकतं, पण दिवसाकाठी एका माणसाला स्वतःच्या बळावर उचलता येईल तेवढाच.

बाजारात आजही कॅनडा, सायबेरिया, चीन इथला जेड गळाच्या आकारात कापून सर्रास विकला जातो. त्याला उत्तर म्हणून ङाई ताहूंनी प्रमाणित दागिन्यांवर सांकेतिक क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यावरून दगड कुठला आणि कारागीर कोण, हे शोधता येतं. दागिन्याची परंपरेने जी ओळख मागितली जाते, तीच हा क्रमांक देतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. परवडत नसेल तर गाईच्या हाडाचा हाताने कोरलेला गळ घ्यावा. देवमाशाच्या हाडावर १९७८ च्या कायद्याने निर्बंध आहेत आणि मोआ तर उरलाच नाही, त्यामुळे आजचे कसबी कारागीरही गाईचंच हाड वापरतात. अंगावर राहिलं की हाड घामाने, तेलाने मधासारखं पिवळं होत जातं. स्वतःसाठी असा दागिना विकत घेऊ नये, तो भेट म्हणूनच मिळावा, असं पर्यटकांना सांगितलं जातं. प्रत्यक्षात अनेक माओरी कारागिरांची स्वतःसाठी घेण्याला हरकत नसते. देण्याची रीत मात्र त्यांना मनापासून प्रिय आहे. तेव्हा दुकानात आकाराचा अर्थ शेवटी विचारावा. कोरला कोणी आणि दगड कुठल्या नदीचा, हे आधी विचारावं, आणि ती दोन नावं गळ ज्याला द्यायचा त्याच्यापर्यंत न चुकता पोहोचवावीत.