संत लुसिया दिन : स्वीडनमधील एका हिवाळी सणाची जडणघडण

प्रस्तावना :
दरवर्षी १३ डिसेंबर रोजी स्वीडनमध्ये संत लुसियाचा दिवस साजरा होतो. पहाटेच्या अंधारात शुभ्र झगा, कमरेला लाल पट्टा व मस्तकी दिव्यांचा मुकुट धारण केलेली मुलगी अग्रभागी चालते. तिच्या मागून शुभ्रवस्त्रा मुली आणि उंच टोकदार टोप्या घातलेले मुलगे गात येतात. कॉफी व केशर घातलेले गोड पाव वाटले जातात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर स्वीडनने ल्यूथरपंथ स्वीकारला व संतपूजेला निरोप दिला. असे असता सिसिली बेटावरील एक संत या देशात इतकी लोकप्रिय कशी झाली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संत आणि तिथी :
लुसिया ही सिराक्यूज नगरीची. सम्राट डायोक्लेशियनच्या काळातील ख्रिस्ती छळात, इ. स. ३०४ च्या सुमारास, तिने हौतात्म्य पत्करले असे परंपरा सांगते. तिच्या नावाचे नाते लॅटिन ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश या शब्दाशी जोडले जाते, आणि दृष्टिदोष असलेल्यांची ती कैवारी मानली जाते. परंतु स्वीडिश सणाचा तिच्या चरित्राशी संबंध अल्पच आहे. सणाचे मर्म शोधावयाचे ते कालगणनेत.

ज्युलियन वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने साधारणतः १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडे. त्यामुळे चौदाव्या शतकात वर्षातील सर्वांत दीर्घ रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येत असे. स्वीडनने १७५३ मध्ये ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. अठराव्या शतकापर्यंत जुन्या कालगणनेतही दीर्घतम रात्र १० डिसेंबरच्या सुमारास सरकली होती. म्हणजेच लोकांनी जपली ती आकाशातील वस्तुस्थिती नव्हे, मध्ययुगीन समजूत होय. या रात्री ‘लुसी’ नावाची भयंकर स्त्रीशक्ती संचार करते, नाताळपूर्व कामे अपुरी राहिलेल्या घरांना शासन करते, जनावरांना वाचा फुटते, असे नॉर्वे व स्वीडनच्या ग्रामीण भागांत मानले जाई. नाव संताचे आणि भीती अंधाराची, असा हा मेळ आहे.

आजचे रूप :
शुभ्रवस्त्रा लुसियाची ज्ञात जुनी नोंद १७६४ ची, पश्चिम स्वीडनमधील वेस्टरयॉटलांड प्रांतातील एका जमीनदारी वाड्यातील आहे. अनेक अभ्यासक या वेषाचे मूळ जर्मन ‘क्रिस्टकिंड’ या, भेटवस्तू आणणाऱ्या देवदूतसदृश आकृतीत शोधतात. ही आकृती संत निकोलसला पर्याय म्हणून प्रॉटेस्टंटांनीच रुजविली होती. हे मत ग्राह्य धरल्यास आरंभी उपस्थित केलेला विरोधाभास बराचसा मावळतो : संताच्या नावाखाली वावरते ती प्रॉटेस्टंट घरातीलच मूर्ती. १८९३ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयाने ही प्रथा उचलली, आणि १९२७ मध्ये राजधानीतील एका वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यावर वाडे व विद्यार्थिवर्तुळांतील चाल देशभर पसरली. गीताची चाल तर नेपल्सच्या नावाड्यांच्या गाण्याची. त्यातील सांता लुसिया म्हणजे तेथील समुद्रकाठची वस्ती! डेन्मार्कमध्ये हा सण १९४४ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, मूक निषेधाच्या भावनेने आला. फिनलंडमधील स्वीडिशभाषक समाज तो आपल्या अस्मितेची खूण म्हणून पाळतो.

स्पर्धेने सणाला प्रसार दिला, तसा एक पेचही दिला. वृत्तपत्री निवडीतून सोनेरी केसांच्या तरुणीची प्रतिमा इतकी रूढ झाली, की लुसिया कोणी व्हावे हा राष्ट्रीयत्वाचा प्रश्न बनला. डिसेंबर २०१६ मध्ये एका दुकानसाखळीने जाहिरातीत सावळ्या वर्णाचे बालक लुसियाच्या वेषात दाखविताच त्यावर वंशद्वेषी शेरेबाजी झाली व जाहिरात मागे घ्यावी लागली. सिसिलीच्या कन्येच्या नावाने हा वाद व्हावा, हे विशेषच म्हणावे लागेल. मुलाने लुसिया व्हावे की नाही, यावरही शाळांतून वाद झडले आहेत. अनेक शाळांनी मतदान सोडून चिठ्ठ्या टाकण्याचा मार्ग पत्करला आहे.