जुनी मर्सिडीज आणि पाचशे रुपयांचा मल्टिमीटर

परवाचा भाग बऱ्याच जणांनी बस-लोकलच्या गोंगाटात ऐकला आणि मग "दादा, ते आकडे परत सांग ना" म्हणून मेसेज केले. त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे कसंय की" तेवढे कापलेत.

विषय होता जुनी आलिशान गाडी घरच्या घरी सांभाळायची कशी. आलिशान गाड्या छप्पन्न आहेत, पण मी एकच धरून बोललो: मर्सिडीजची डब्ल्यू १२४. एक तर ही गाडी मला आतून-बाहेरून माहितीये. दुसरं म्हणजे तिचं आपल्याशी नातं आहे. १९८४ साली जर्मनीत आलेलं हे मॉडेल १९९५ मध्ये पुण्यात, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात जुळवायला सुरुवात झाली. भारतात जुळवलेली पहिली मर्सिडीज ती हीच. त्यामुळे पुणे, कोल्हापूर, नाशिककडे कुणा ना कुणा डॉक्टरांच्या, कारखानदारांच्या बंगल्यात ती अजून ताडपत्रीखाली दिसते.

आता मुद्दा. या गाड्या मरतात त्या बहुतेक वेळा इंजिन संपलं म्हणून नाही. इस्टिमेट बघून मालकाचा धीर संपतो म्हणून मरतात. आणि इस्टिमेट फुगतं कारण दोष न शोधताच पार्ट बदलायला सुरुवात होते. हा नसेल तर तो, तो नसेल तर पुढचा. साध्या गाडीत हा जुगार परवडतो. इथे एकेक पार्ट अख्ख्या मोबाइलच्या किमतीचा असतो.

कराडच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिच्या मामांची १९९६ची ई २२०. तक्रारी तीन: चार दिवस उभी ठेवली की बॅटरी बसते, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आणि पुण्याला येताना खंबाटकी चढताना काटा वर जातो. एका गॅरेजने "कॉम्प्युटर गेलाय" सांगून पावणेदोन लाखांचा आकडा दिला. त्यात गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नूतनीकरण करावं लागतं, तपासणी होते, ते तुम्हाला माहीत असेलच. मामा म्हणाले, भंगारात देतो. ती म्हणाली, दादा, पंधरा दिवस आहेत, काय करू?

मी म्हटलं, पाना नको उचलूस, मल्टिमीटर घे. पाचशे-सातशे रुपयांत चांगला मिळतो. पुण्या-मुंबईबाहेर असाल तर गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही असतो.

जाता जाता एक सांगतो. तो ब्लूटूथचा ओबीडी डोंगल, जो तुम्ही आयट्वेंटीला लावता, तो इथे चालत नाही. त्या आकाराचं सॉकेटच या गाडीत नाही. बोनेटखाली कंपनीचं वेगळं सॉकेट असतं आणि त्याला जुन्या पद्धतीचं मशीन लागतं. घाबरू नका, निम्मी दुखणी मशीनशिवाय सापडतात.

पहिला आकडा बॅटरीचा. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी दार-बिर न उघडता, शक्य असेल तर, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. (बोनेटचा खटका आतून ओढावा लागतो, म्हणून तो आदल्या रात्रीच ओढून ठेवा.) १२.६ च्या आसपास म्हणजे पोट भरलेलं. १२.२ म्हणजे साधारण अर्धं. १२ च्या खाली असेल तर त्या दिवशी बाकी काहीच तपासू नका, आधी चार्ज करा. उपाशी बॅटरीवर ही गाडी काय वाट्टेल ते खोटं बोलते, एबीएसचा दिवा लागतो, गाडी थरथरते, सगळं. मग इंजिन चालू करून परत मोजा: १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. तेवढं आलं म्हणजे अल्टरनेटर बरा आहे.

दुसरी तपासणी कुणीच करत नाही, आणि ती फुकट आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अगदी थोडका हवा, शून्याच्या जवळ. अर्ध्या व्होल्टच्या वर उडी मारली तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे बोल्ट गंजलेत. तीस वर्षांच्या पावसाळ्यात गंजणारच. पट्टी काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट लावा.

आता बॅटरी का बसते ते. गाडी बंद असताना कुणीतरी चोरून वीज पितंय. ते मोजायचं तर मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावायचा, बॅटरीचं मायनस काढायचं आणि मीटर त्या वायर आणि टोकाच्या मध्ये बसवायचा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि मायनस काढण्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेवा. या काळातल्या बऱ्याच रेडिओंना वीज तुटली की कोड मागायची सवय आहे, आणि तो कागद मामांच्या कुठल्या तरी फाइलमध्ये असतो.

दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग वाचा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. तिच्या मीटरवर आले ०.४४.

इथे थोडं गणित. पाच वॉटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर ०.४ अँपिअरच्या आसपास वीज खातो. दिवसाला दहा अँपिअर-तास. चार दिवसांत चाळीस. साठ-बासष्टच्या बॅटरीतून चाळीस गेले की सेल्फ कुठून फिरणार? म्हणजे "चार दिवसांत बसते" ही तक्रार आणि मीटरचा आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळले. हा आकडा कॉम्प्युटरचा नव्हेच, हा कुठल्या तरी दिव्याचा वाटतो.

मग एकेक फ्यूज काढत जायचं आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. या गाडीचे फ्यूज आजच्यासारखे चपटे नाहीत. दोन्हीकडे टोकदार, गोळीसारखे असतात: पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा, निळा पंचवीसचा. दोन पट्ट्यांच्या चिमटीत ते नुसते अडकलेले असतात, त्यामुळे टोकांवर काळपट थर चढतो आणि फ्यूज न उडताच वीज अडखळते. काच हळू चालते, वायपर मधेच रुसतो, मालक मोटर बदलतो. आधी जागच्या जागी फ्यूज बोटाने गोल फिरवून बघा हो! किती तरी आजार तेवढ्यावर बरे होतात. अख्खा नवा सेट घातला तरी दोनशे-तीनशेत काम होतं. फक्त अँपिअर तेच ठेवा. लालच्या जागी निळा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

तिने आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. म्हणजे डॅशबोर्डचा कप्पा, डिकी किंवा छताचा दिवा. डिकी बंद केल्यावर दिवा विझतो की नाही हे कसं कळणार? मोबाइलवर व्हिडिओ चालू करा, फोन डिकीत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंदांनी उघडा. तिचा व्हिडिओ मी पाहिला. डिकीत लख्ख उजेड. झाकणाचा स्विच अडकला होता.

थरथरण्याकडे वळू. ई २२० मध्ये दोन हजार दोनशे सीसीचं चार सिलिंडरचं एम १११ इंजिन आहे. इंजिन दणकट आहे, पण त्याच्या भोवतीचं रबर तीस वर्षांचं झालंय. इंजिन आत ओढते ती हवा मोजूनच पेट्रोल ठरतं. कुठे होज पाइप चिरला असेल तर न मोजलेली हवा आत घुसते आणि सगळा हिशेब चुकतो. झाडांना पाणी घालायच्या पाइपचा दोनेक फुटांचा तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं रबरी पाइपांच्या जोडांजवळून फिरवा. फुसफुस ऐकू आली की सापडलं. बेल्ट आणि पंख्यापासून लांब, ओढणी-मफलर काढून. काही जण पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधतात. गरम इंजिनावर तो प्रकार मला अजिबात पसंत नाही.

वायरिंगचं मात्र बघाच. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या या गाड्यांच्या इंजिनावरच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होतं, ही जगभरची प्रसिद्ध तक्रार आहे. इंजिन थंड असताना इंजेक्टरपाशी, जिथे वायरी जाड नळीतून बाहेर येतात, तिथे टॉर्च मारून बघा. आवरणाला भेगा असतील, खवले पडत असतील तर हात लावून आणखी मोडू नका. चिकटपट्टी गुंडाळणं हा उपाय नाही. दोन उघड्या वायरी एकमेकींना लागल्या तर तेव्हा मात्र खरंच कॉम्प्युटर जाऊ शकतो. पूर्ण हार्नेस चांगल्या उष्णतारोधक वायरीने नव्याने बांधून घ्यायचा. मामांच्या गाडीचा आधीच बदललेला निघाला, जुन्या बिलात सापडला. म्हणून सांगतो, जुनी बिलं टाकू नका.

पाइपांचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलचेही पाइप बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं. जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ती चालवायचीच नाही, संपला विषय. नवा पाइप घेताना इंजेक्शनच्या दाबाचा, आर-९ दर्जाचा मागा. साधा कार्ब्युरेटरचा स्वस्त पाइप नको.

आता घाट. या गाडीच्या मीटरवर ४०, ८०, १२० असे आकडे असतात. काटा ८० ते १०० मध्ये हलला की लोक घाबरतात, पण आपल्या उन्हात ते चालतं. ११० कडे निघाला तर बाजूला घ्या. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, हो मे महिन्यातसुद्धा, कारण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडतं. गार पाणी इंजिनावर ओतायचं नाही.

घरी आल्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दोन गोष्टी. एक, कूलंटची पातळी आणि रंग. तपकिरी, गढूळ पाणी असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि निम्मं मर्सिडीजला चालणारं कूलंट, एवढंच. दोन जातींची कूलंट मिसळू नका. दोन, एसी लावला की रेडिएटरच्या पुढचे विजेचे पंखे कमी वेगात फिरायला हवेत. नाही फिरले तर अनेकदा पंखा चांगला असतो आणि त्याचा कमी वेगाचा रेझिस्टर गेलेला असतो. मग पंखे फार उशिरा, काटा खूप वर गेल्यावरच एकदम जोरात सुटतात. कराडच्या गाडीत नेमकं हेच निघालं.

तर मामांच्या पावणेदोन लाखांतून झालं काय? डिकीचा स्विच, एक रबरी पाइप, एक रेझिस्टर, फ्यूजचा सेट आणि कूलंट. पार्ट आणायला ती पुण्याच्या नाना पेठेत गेली. जाताना जुना पार्ट आणि त्यावरचा नंबर सोबत नेला. "ए" आणि पुढे दहा आकडे असतात. त्यातले पहिले तीन बऱ्याचदा मॉडेल किंवा इंजिन सांगतात, १२४ किंवा १११. नंबर दाखवला की दुकानदाराचा सूर बदलतो, "असाच चालतो बघा" बंद होतं. तिचा एकूण खर्च दहा हजारांच्या आत राहिला.

काही कामं मात्र घरी करायची नाहीत. पुढच्या चाकांच्या स्प्रिंग खास आतल्या कॉम्प्रेसरशिवाय काढायच्या नाहीत, ती स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. एअरबॅगच्या वायरिंगला हात नाही. गाडीसोबतच्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, तो टायर बदलण्यापुरताच. खाली स्टँड हवेतच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि कोकणात तर विचारूच नका. दर दोन वर्षांनी डीओटी ४ बदलून घ्या, पण त्यानंतर पेडल मऊ लागत असेल तर घाट सोडा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

गिअरबॉक्सबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. ऑटोमॅटिकचं ऑइल कधी, किती, कसं, हा वेगळा भाग होईल. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर उद्या सकाळचे बॅटरीचे व्होल्ट आणि चोरटा करंट, दोन्ही आकडे मला मेसेजमध्ये पाठवा. फोटो नको, आकडेच पाठवा.