महाबळेश्वरचा पाऊस, महाड-सांगलीचा पूर

२३ जुलै २०२१. सकाळी साडेआठला महाबळेश्वरच्या वेधशाळेत आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तो भरला ५९४.४ मिलिमीटर. सांगली शहरात वर्षभरात मिळून सरासरी जेवढा पाऊस होतो, जवळपास तेवढा. एक चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस पडला की ५९ कोटी लिटर पाणी होते; शंभर चौरस किलोमीटरवर पडला तर दोन टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडे जास्तच.

आदल्या वर्षीच्या निसर्ग चक्रीवादळासारखे या पावसाला नावही नव्हते. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होत होते, त्याने अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोराने ओढले आणि ती बाष्पाने जड झालेली हवा सह्याद्रीच्या कड्याला येऊन भिडली. कडा चढताना हवा थंड होते आणि बाष्प खाली सांडते. कडा ओलांडला की हवा कोरडी होत जाते, म्हणून पाचगणीत महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी पाऊस आणि वाईत त्याहूनही कितीतरी कमी.

चोवीस तासांचा आकडा थोडा फसवा असतो. ५९४ ला २४ ने भागले की तासाला २५ मिलिमीटर येतात. मुंबईची जुनी गटारे नेमकी याच मापाने आखलेली होती आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळल्यावर ती तोकडी पडली. त्यानंतर ५० मिलिमीटरचे माप धरले गेले. पण पाऊस तासातासाला सारखा वाटून पडत नाही. महाबळेश्वरच्या पावसाच्या दोन दिवस आधी, २० जुलै २०२१ ला, चीनमधल्या झेंगझौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पडले. हे शहर ‘स्पंज सिटी’ म्हणून नावाजलेले. झिरपते रस्ते, तळी, बागा यांवर तिथे भरपूर खर्च झाला होता. तरी भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसे गेली. स्पंज रोजच्या पावसाला कामी येतो. तो भरला की त्याच्यात आणि फरशीत फरक उरत नाही.

महाबळेश्वरच्या डोक्यावरही असाच एक नैसर्गिक स्पंज आहे. बेसॉल्टच्या थरांवर बसलेला हा सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात झऱ्यांतून हळूहळू सोडतो. मात्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचे पोट भरलेले असते. त्यानंतरचे पाणी वरून धावते, आणि आत मुरलेले पाणी उतारावरच्या मातीचे वजन वाढवून तिची पकड सैल करते. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक जीव गेले. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्याही दरडींखाली सापडल्या. आंबेनळी घाटातला रस्ता जागोजाग तुटला.

एवढे पाणी पडूनही महाबळेश्वर गाव स्वतः बुडत नाही. वेण्णा तलावाजवळचा रस्ता पाण्याखाली जातो, दुकानांत चिखल येतो, वाहतूक अडते. पण डोंगरमाथ्यावर पाणी थांबत नाही, उतार त्याला खाली ढकलतो. प्रश्न खालच्यांचा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेला उडी मारते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेची वाट धरतात. मंदिरातून निघालेल्या पाण्याच्या या दोन वाटांमध्ये वेळेचा प्रचंड फरक आहे, आणि पूरनियंत्रणाच्या आपल्या चर्चेत तोच बहुधा हरवतो.

महाड सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, पण हजार मीटरहून अधिक खाली. सावित्री कडा उतरून पोलादपूरच्या खोऱ्यात येते आणि तिथून एकदम सपाट होते. महाडजवळ गांधारी तिला मिळते, आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राची भरती आत चढत असते. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली की शहर मधे अडकते. उतार संपला की नदी बरोबर आणलेली माती-दगड तिथेच टाकते, पात्र उथळ होते. २०२१ च्या पुरानंतर गाळ काढायची मागणी जोर धरू लागली ती यासाठीच, आणि ती रास्त आहे. पण गाळ एकदा काढून भागत नाही. डोंगर दरवर्षी नवा पाठवतो. महाडला खरी गरज आहे ती काही तासांच्या आगाऊ सूचनेची. कड्यावरच्या पावसाचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी कळून काय उपयोग? तो दर पंधरा मिनिटांनी, भरतीच्या वेळापत्रकासह, महाडच्या नियंत्रण कक्षात दिसला पाहिजे.

सांगलीची गोष्ट वेगळी. महाडच्या बाजारपेठेत पाणी २२ जुलैला शिरले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सर्वांत वर गेली ती २५ तारखेला, सुमारे ५५ फुटांवर. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मधल्या दिवसांत धोम, कण्हेर, कोयना ही धरणे, कऱ्हाडचा प्रीतिसंगम आणि मैलोन्‌मैल संथ पात्र येते. अर्थात सांगलीचे सगळे पाणी महाबळेश्वरचे नव्हे. सह्याद्रीतल्या नवजा, पाथरपुंज इथला पाऊसही त्यात असतो आणि हरिपूरला वारणा मिळते. तीही भरलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा नसते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा सगळ्यांचे बोट कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडे गेले. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने मात्र आलमट्टीला या पुराचे मुख्य कारण मानले नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटणारही नाही, कारण शेजारच्या राज्याकडे बोट दाखवणे आपल्या पूररेषेतल्या बांधकामाकडे बघण्यापेक्षा सोपे असते.

या पूररेषा दोन. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येण्याजोगा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. ‘शंभर वर्षांत एकदा’ ऐकून लोक निर्धास्त होतात. हिशेब असा: दरवर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. तीही पावसाची जुनी चाल कायम राहील असे धरून.

सांगलीत पाणी बहुतेकदा काठ ओलांडण्याआधीच नाल्यांतून उलटे येते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना हे पाठ आहे. एरवी शहराचे पाणी नदीत नेणारा नाला नदी चढली की नदीचे पाणी शहरात आणतो. यावर उपाय म्हणून नाल्याच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवता येते. पण झडप बंद झाली की शहरात पडणाऱ्या पावसालाही बाहेरची वाट राहत नाही. तेव्हा झडपेबरोबर पंप हवेत, वीज गेली तरी चालणारे, आणि पंप चालू होईपर्यंत पाणी थोपवून धरायला मोकळी जागा हवी. सांगलीत ही जागा पूर्वी होती. ओढ्यांची, ओतांची (सखल नैसर्गिक प्रवाहांची) ती पात्रे आज बऱ्याच ठिकाणी भराव टाकून प्लॉट झाली आहेत.