मे महिन्यातलं स्कीइंग, तेही टी-शर्टवर!

मे उजाडला की अमेरिकेतल्या कोलोराडोतली बहुतेक स्की रिसॉर्ट्स बंद होतात. अरापाहो बेसिन मात्र बऱ्याच वर्षी थेट जूनपर्यंत चालू असतं, कारण तिथला पायथाच जवळपास 3,300 मीटरवर आहे. पण सकाळी सकाळी धावत जाऊ नका! रात्री गोठलेला बर्फ तेव्हा टणक असतो, स्नोबोर्डची कड धरतच नाही. दहाच्या सुमारास वरचा थर सुटून भिजल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. खरी मजा तेव्हाच. दुपारी नुसता लगदा. मग पार्किंगलगतच्या ‘बीच’वर ग्रिल पेटवायची (हो, खुर्च्या-छत्र्यांसकट). घरून निघण्याआधी बोर्डच्या तळाला उबदार हवेचं वॅक्स लावा. आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकाखालीही चोपडा. बर्फावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं.