काळ्या मातीवर घर बांधण्यापूर्वी

देवळाली प्रवरा (ता. राहुरी) परिसरात उसाला पोसणारी काळी माती घराच्या भिंतींना मात्र तडे पाडते. असे का होते?

या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसते. घराखालची माती ओलसर राहते, कडेची उन्हाळ्यात वाळते. पाया एकीकडे खचतो आणि भिंत तडकते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. वाळवून बारीक चाळलेली १०-१० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल काठोकाठच्या खुणेपर्यंत भरा. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा, पाण्यातील थर १८ आणि रॉकेलमधील १२ मिलिलिटर भरला; तर फुगवटा (१८ − १२) ÷ १२ × १०० = ५० टक्के. एवढा फुगवटा धोक्याचा.

मग जागा कशी तयार करावी? काळा थर काढून पाया मुरमापर्यंत न्यावा. जोत्यात मुरूम थराथराने, पाणी मारून ठोकून भरावा. पागोळ्यांचे व मोरीचे पाणी पायापासून दूर काढावे. थर फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

काढलेली काळी माती मात्र वाया घालवू नका. तिची जागा शेतात आहे.